खुराडं बघायला बोलावलं, तर काय सांगाल?

(भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांनी विचारलेले तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरे जोडली आहेत.)



आजचा विषय वाचून काही जणांना हसू आलं असेल. घरच्या घरी केलेल्या कोंबडीपालनाला अभिप्राय कसा द्यायचा, यावर तासभर काय बोलणार? पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लॉकडाऊनमध्ये किंवा त्यानंतर परसात चार कोंबड्या पाळल्या आहेत. कुणी जुन्या कपाटाचं खुराडं केलंय, कुणी बचतगटासाठी आठ पानांची माहितीपुस्तिका लिहिली आहे. आणि ते करून झालं की माणूस कुणाला तरी बोलावतो, "या, बघा, कसं झालंय." त्या वेळी आपण जे बोलतो, त्यावर पुढे काही जिवांचं बरंवाईट ठरतं. म्हणून हा विषय घेतला.

सुरुवात माझ्याच चुकीने करतो. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी स्वतःच्या हाताने खुराडं बांधलं. शाळेतल्या मोडक्या बाकांच्या फळ्या, वर पत्रा, पुढे जाळीचं दार. नातवंडांनी त्यावर सूर्यफुलं रंगवलेली. मला बघायला बोलावलं. मी वाकून पाहिलं तर दाराखाली चार बोटांची फट होती आणि खालची जमीन नुसती मातीची. माझ्या लक्षात आलं. सांगावं असं मनातही आलं. तेवढ्यात पोहे आले, चहा आला, नातवंडं भोवती नाचायला लागली, आणि मी म्हणालो, "गुरुजी, फार छान झालंय."

आठ-दहा दिवसांनी रात्री काहीतरी जनावर माती उकरून त्या फटीतून आत शिरलं. मुंगूस म्हणावं तर ते दिवसाउजेडी फिरतं, तेव्हा बहुधा उदमांजर असावं. पाहिलं कुणीच नाही. अकरापैकी सात कोंबड्या सकाळी मेलेल्या सापडल्या. मी भेटायला गेलो तेव्हा गुरुजींनी एकच विचारलं, "तुम्ही त्या दिवशी वाकून बघितलं होतंत. तुमच्या लक्षात आलं होतं का?"

मी हो म्हणालो. त्यावर ते काही बोलले नाहीत. मलाही पुढे काही बोलता आलं नाही.

आपल्याकडे म्हण आहे, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. दोष झाकला म्हणून तो दोष राहत नाही असं होत नाही. फक्त तो कोणाला आधी कळतो, एवढंच ठरतं. मालकाला कळतो, नाहीतर उदमांजराला.

दुसऱ्या टोकाची चूक

आता याच्या उलट. एका प्रशिक्षणात कॉलेजातल्या एका मुलीने गावातल्या बायकांसाठी लिहिलेली पुस्तिका वाचून दाखवली. समोर बसलेल्या एका जाणत्या गृहस्थांनी पाच मिनिटांत तिची पानं उलटीपालटी केली. "हे चूक, ते चूक, आधी शिकून या, मग लिहा." त्यांनी काढलेल्या चुका खऱ्या होत्या, मी नाकारत नाही. पण त्या पुस्तिकेत प्लास्टिकच्या बाटलीपासून पाण्याचं भांडं कसं करायचं याची इतकी सोपी आकृती होती की दहा वर्षांच्या पोरानेही ते केलं असतं. ती पुस्तिका पुन्हा कधी निघाली नाही. चुकाही गेल्या आणि आकृतीही गेली.

म्हणजे बघा, मी गोड बोललो आणि ते गृहस्थ कडू बोलले. दोन्हीकडे कोंबडीच्या पदरात काही पडलं नाही. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की अभिप्राय देताना आपण तिसऱ्याच्या बाजूने उभं राहायचं. बांधणाऱ्याच्या आनंदाच्या बाजूने नाही, आपल्या ज्ञानाच्या बाजूने तर नाहीच. त्या खुराड्यात आज रात्री झोपणाऱ्या कोंबडीच्या बाजूने. आणि पुस्तिका असेल तर ती वाचून उद्या पिल्लं आणणाऱ्या माणसाच्या बाजूने. एकदा ही जागा पक्की केली की काय बोलायचं आणि कशा सुरात बोलायचं, दोन्ही आपोआप सोपं होतं.

आधी विचारायचं, मग बघायचं

गेल्या गेल्या दोष दाखवू नका. आधी चार प्रश्न विचारा. कोंबड्या कशासाठी पाळल्यात, घरच्या अंड्यांसाठी की विक्रीसाठी? किती आहेत आणि वर्षभरात किती करायच्या आहेत? संध्याकाळी कोंबड्या डालतं कोण? घरात सगळे बाहेर गेले की पाणी कोण घालतं?

हे प्रश्न का? पाच गावठी कोंबड्या पाळणाऱ्या आजींना दोन हजार पक्ष्यांच्या शेडचे नियम ऐकवण्यात अर्थ नसतो. आजींच्या कोंबड्या दिवसभर उकिरड्यावर चरतात, किडे-मुंग्या खातात, संध्याकाळी घरी येतात. त्यांचा धोका रात्रीचा आहे. पण त्याच आजींच्या मुलाने शंभर पिल्लं आणून बंदिस्त ठेवायचं ठरवलं, तर खाद्य, हवा, ओली गादी, लस, सगळंच बदलतं. हेतू माहीत नसताना दिलेला सल्ला बरोबर असूनही निरुपयोगी ठरतो.

आणि काय होतं, प्रश्न विचारल्यावर बऱ्याचदा बांधणाराच म्हणतो, "हो हो, ते दाराचं करायचं राहिलंय." त्याला ते माहीत असतं. आपण फक्त त्याला बोलायला वाट दिली.

तीन ढीग

बघून झालं की डोक्यात पंधरा गोष्टी येतात. पंधरा सांगितल्या तर समोरचा एकही करत नाही. त्यांचे तीन ढीग करा: आज रात्रीचा, या महिन्यातला, आणि जमेल तेव्हाचा.

आज रात्रीच्या ढिगात फक्त जिवावर बेतणाऱ्या गोष्टी. दाराखालची फट. नुसती खिट्टी, जी मांजराच्या धक्क्यानेही उघडते. षटकोनी भोकांची पातळ जाळी. ही जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही, तो ती फाडतो. भोकं मोठी असतील तर साप, घुशीही येतात. तिथे अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी लागते, आणि ती खाली जमिनीत वीतभर पुरावी किंवा बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरून वर दगड ठेवावेत.

याच ढिगात उष्णता येते. आपल्याकडचे बरेच लोक थंड देशांतले व्हिडिओ बघून खुराडं बांधतात. तिथे बर्फ पडतो, त्यामुळे भिंती जाड, खिडक्या लहान, सगळं बंद. ते दिसायला सुबक असतं, पण विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्याखाली ती भट्टी होते. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणं आणि पंख अंगापासून लांब धरणं, एवढीच तिच्याकडे सोय असते. म्हणून आपल्याकडे दोन समोरासमोरच्या बाजूंना वरच्या भागात जाळी हवी आणि पत्र्यावर पेंढा किंवा चुन्याचा पांढरा हात हवा. कोकणात हाच प्रश्न पावसाचा होतो. तिथे जाळी असावीच, पण तिच्यावर पुढे आलेलं पाखं हवं, म्हणजे झड आत येणार नाही.

या महिन्यातल्या ढिगात बसण्याच्या दांड्या, अंडी घालायच्या जागा, गादी. दांडी अंडी घालायच्या जागेपेक्षा उंच हवी, नाहीतर कोंबड्या रात्री अंड्यांच्या पेटीतच झोपतात आणि ती घाण करतात. चार-पाच कोंबड्यांमागे एक पेटी पुरते. भाताच्या तुसाची गादी मुठीत दाबून पाहा. गोळा झाला आणि तसाच राहिला तर ती ओली आहे.

जमेल तेव्हाच्या ढिगात रंग, अंडी बाहेरून काढायचं झाकण, नावाची पाटी. यातलं काही सुचलं तरी त्या दिवशी बोलू नका.

वाक्य कसं करायचं

आता बोलायचं कसं? मी तीन तुकड्यांत बोलतो. काय दिसलं, त्याने कोंबडीचं काय होईल, आणि कमीत कमी खर्चात काय करता येईल.

उदाहरण घ्या. "तुमच्या खुराड्यात हवा खेळत नाही" हे वाक्य ऐकून माणूस दुखावतो आणि काय करायचं ते त्याला कळतही नाही. त्याऐवजी असं म्हणा: "सकाळी दार उघडल्यावर मी खाली बसलो तर डोळे चुरचुरले. तो विष्ठेतून निघणारा अमोनिया आहे. आपण उभे असतो म्हणून कळत नाही, पण कोंबडीचं नाक जमिनीपासून वीतभरावर असतं, आणि रात्रभर तिला त्यातच श्वास घ्यायचा असतो. मग डोळे येतात, सर्दी-खोकल्यासारखा त्रास होतो. वरची ही एक फळी काढून तिथे जाळी लावली तर?" शेवटी प्रश्नचिन्ह ठेवा. खुराडं त्याचं आहे, ठरवू दे त्याला.

यात "तुम्ही" हा शब्द जवळजवळ येतच नाही, लक्षात आलं का? "तुम्ही चुकलात" असं कुठे नाही. कोंबडी आहे, फळी आहे, अमोनिया आहे.

कौतुकाचंही तसंच. "छान" हे कौतुक नाही. मी ते बोलून काय झालं ते तुम्ही ऐकलंत. कौतुक नेमकं करा. "पाण्याचं भांडं विटेवर ठेवलंत, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आलंय, त्यामुळे कचरा पडत नाही. हे असंच ठेवा." याने काय होतं? पुढे खुराडं सुधारताना माणूस ते बदलत नाही. नाहीतर दोष काढताना चांगलं तेही उचकटून टाकतो.

पुस्तिका वाचताना

खुराडं डोळ्यांना दिसतं. पुस्तिकेचा दोष दिसत नाही, तो वाचणाऱ्याच्या परसात उगवतो. म्हणून लेखी मार्गदर्शनाला अभिप्राय देणं जास्त जोखमीचं. मी ते पेन घेऊन, स्वतः पिल्लं आणायला निघालोय असं समजून वाचतो. चार ठिकाणी हमखास अडायला होतं.

पहिलं, "योग्य", "पुरेसं", "वेळेवर" हे शब्द. "पिल्लांना योग्य ऊब द्यावी." योग्य म्हणजे किती? पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश सेल्सिअस, आणि पुढे दर आठवड्याला अंदाजे ३ अंश कमी. पण गावात थर्मामीटर कुणाकडे असतो? मग पिल्लांकडे बघून ओळखायची खूण लिहा. बल्बखाली एकमेकांवर चढून गोळा झाली तर थंडी वाजतेय. लांब जाऊन चोची उघडून बसली तर उकडतंय. सगळीकडे सारखी पसरून खातपीत असतील तर ठीक. लेखकाला मी "हे अस्पष्ट आहे" असं लिहून देत नाही. "इथे वाचणारीला थर्मामीटरशिवाय कसं कळेल?" असं समासात लिहितो.

दुसरं, आकडे. एका पुस्तिकेत हिशेब होता: दहा गावठी कोंबड्या, रोज दहा अंडी, महिन्याला तीनशे. आता गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. मधे ती खुडूक बसते, पिसं झडतात तेव्हा थांबते. म्हणजे दहा कोंबड्यांची वर्षाची अंडी ६०० ते ८००. त्या हिशेबाने होत होती ३,६००. गिरिराज, वनराज यांसारखे सुधारित पक्षी गावठीपेक्षा बरीच जास्त अंडी देतात, पण रोज एक अंडं परसातली कुठलीच कोंबडी वर्षभर देत नाही. हा हिशेब वाचून एखादी बाई बचतगटाकडून कर्ज काढते. म्हणून मी लेखकासमोर बसून त्याच्याच वहीत गुणाकार करतो. आकडा त्याने स्वतः खोडला की पुढच्या आवृत्तीत तो परत येत नाही.

तिसरं, लस. "सातव्या दिवशी लासोटा द्यावी" असं एक वाक्य बहुतेक पुस्तिकांत असतं. ही मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस. वाक्य खोटं नाही, अपुरं आहे. लसीची कुपी शंभर, दोनशे किंवा त्याहून जास्त मात्रांची येते. दहा पिल्लंवाल्याने काय करायचं? शेजारच्या चार-पाच घरांनी एकाच दिवशी ठरवून द्यायची. दवाखान्यातून घरी आणताना बर्फात आणायची, कारण तिला २ ते ८ अंश तापमान लागतं. कालवल्यावर तास-दोन तासांत संपवायची. पाण्यातून देणार असाल तर नळाच्या क्लोरीनच्या पाण्यातून नको, क्लोरीनने लस मरते. एवढं न लिहिता नुसता दिवस लिहिला, तर माणूस दुपारी खिशातून कुपी आणतो, संध्याकाळी पाजतो, आणि नंतर म्हणतो, "लस देऊनही मेली, लसीत काही अर्थ नाही." ती अपुरी ओळ अशी सगळ्या गावाचा विश्वास घालवते.

चौथं, "माझ्या कोंबड्यांना काही झालं नाही." हे सगळ्यांत नाजूक. लेखकाने पाण्यात हळद आणि लसूण घातली, त्याच्या कोंबड्या जगल्या, म्हणून तो लिहितो की लसीची गरज नाही. त्याचा अनुभव खोटा नाही. पण त्याच्या अंगणात त्या वर्षी रोग आलाच नसेल. तिथे मी म्हणतो, "हळद-लसूण देता ते जरूर लिहा, तुमचा अनुभव म्हणून लिहा. मात्र लसीच्या जागी लिहू नका." माणूस आपला अनुभव सोडायला तयार नसतो, पण त्याची जागा बदलायला सहसा तयार होतो.

आणखी एक चूक मी बघितल्याबरोबर सांगतो, तिला ढीग-बिग नाही. अंड्यांवरच्या कोंबड्यांचं खाद्य लहान पिल्लांना देण्याचा सल्ला. त्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं. अंड्याच्या कवचासाठी ते लागतंच. पण पिल्लांना एक टक्क्याच्या आसपास पुरतं. जास्तीने त्यांचे मूत्रपिंड बिघडतात. शिंपल्याची भुकटी वेगळ्या वाटीत ठेवा, ज्या कोंबडीला हवी ती खाईल.

आपली हद्द

मंडळी, अभिप्राय देणाऱ्याला स्वतःची हद्दही कळायला हवी. २००६ साली भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. तेव्हापासून प्रत्येक पुस्तिकेत एक ओळ असायलाच हवी, असं माझं मत आहे: पक्षी अचानक, एकामागून एक मरायला लागले तर ते विकू नका, खाऊ नका, ओढ्यात टाकू नका, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. असं काही दिसलं तर आपणही "हा अमुक रोग आहे" असं सांगायच्या भानगडीत पडायचं नाही. खुराडं कसं असावं हे मी सांगू शकतो. मेलेल्या पक्ष्याचं निदान पशुवैद्यांनी करायचं.

आणि एकदा सांगून आलात की पंधरा दिवसांनी परत जा. आज रात्रीच्या ढिगातलं झालं असेल तर महिन्याचा ढीग उघडा. झालं नसेल तर रागावू नका, का झालं नाही ते विचारा. बऱ्याचदा पैसे नसतात, नाहीतर जाळी तालुक्याला जाऊन आणावी लागते. मग पुढच्या खेपेला जाळी घेऊनच जा. तोही अभिप्रायच आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

*खुराडं सासऱ्यांनी बांधलंय. त्यांना सून म्हणून मी काय आणि कसं सांगू?*

ताई, खुराड्यावर मत देऊ नका, त्यांनाच कामाला लावा. "मामंजी, रात्री कोंबड्या ओरडत होत्या, जरा टॉर्च घेऊन बघता का माझ्याबरोबर?" फट त्यांनाच दिसू द्या. ज्याने बांधलं त्याला दुरुस्तही करायला आवडतं, फक्त ते त्याच्या लक्षात यावं लागतं. मात्र आज रात्रीच्या ढिगातली गोष्ट असेल आणि त्यांनी लक्ष दिलं नाही, तर तुम्ही स्वतः तिथे दगड लावा. मान सकाळी सांभाळता येईल.

*लोक मोबाइलवर फोटो पाठवून मत विचारतात. फोटो बघून सांगता येतं का?*

थोडं येतं. पण समोरून काढलेला फोटो हा लग्नाच्या अल्बमसारखा असतो, सगळं छान दिसतं. मी चार फोटो मागतो: दार बंद असताना दाराच्या खालचा भाग, आतली गादी, आतून छत, आणि सकाळची ताजी विष्ठा. शेवटच्या फोटोला लोक लाजतात, पण पोटाचं बरंच काही त्यातूनच कळतं. त्यात रक्त दिसलं तर फोटोवर चर्चा करत बसू नका, दवाखान्यात जा.

*तुमच्या त्या गुरुजींचं पुढे काय झालं?*

(थोडं थांबून) त्यांनी पुन्हा कोंबड्या आणल्या. त्याआधी मला बोलावलं. या वेळी मी जाताना टेप आणि टॉर्च घेऊन गेलो आणि आधी दाराखाली बोट घालून बघितलं. उंबऱ्याला सिमेंटचा पट्टा केलेला होता. मी म्हटलं, "गुरुजी, खालून पक्कं आहे. पण मागच्या बाजूला पत्रा आणि फळी यांच्यामध्ये हात जातोय माझा." ते म्हणाले, "दाखवा." मग आम्ही दोघांनी मिळून ती जागा जाळीने बंद केली आणि नंतर चहा घेतला.